चांदणीत विळा कसा फिरवायचा?

सांडपाणी साफ करायला चक्क चांदणीच्या आकाराचं तळं खोदलं होतं, हे वाचलं तेव्हा मला ते एखाद्या चित्रकाराचं डोकं वाटलं. पण ते काम होतं डच इंजिनियरांचं. साल १९६७.

झाउडरझे हा समुद्राचा फाटा त्यांनी १९३२मध्ये बांध घालून तोडला आणि पुढे टप्प्याटप्प्याने पाणी उपसून आतून जमीन काढली. तिथे एल्बर्ग गावाजवळ लोक तंबू ठोकून सुट्टी घालवायला येत. त्यांच्या सांडपाण्यासाठी हे एक हेक्टरचं तळं केलं. पाणी जेमतेम ४० सेंटीमीटर, त्यात लव्हाळ्याच्या कुळातली उंच झाडं. मूळ कल्पना जर्मनीतली. प्लोनच्या माक्स प्लांक संस्थेत केटे झायडल १९५०च्या दशकापासून अशा वनस्पतींवर प्रयोग करत होत्या आणि त्याबद्दल टीकाही झेलत होत्या.

चांदणी का? तर जागेचा पुरेपूर वापर व्हावा म्हणून. कागदावर झकास! पण त्या कोनाकोपऱ्यांत कापणी कशी करणार?

आणि कापणी हवीच. सांडपाण्यातला नायट्रोजन जिवाणू वायू करून हवेत सोडू शकतात. फॉस्फरसला ती पळवाट नाही. तो चिखलात साठतो, किंवा झाडात शिरतो. झाड तिथेच मेलं, कुजलं, की बराचसा परत पाण्यात. मग शेवाळ माजतं. आपल्याकडे नदीतून उपसलेली जलपर्णी काठावरच कुजू दिली, तर हेच होतं.

म्हणून डचांनी चांदणी सोडली आणि सरळ चर खणले: ३ मीटर रुंद, २०० मीटर लांब, दोन चरांमध्ये यंत्राला फिरायला ३ मीटरची पट्टी. माणशी ५ चौरस मीटर जागा लागायची, ती १० झाली. म्हणजे निम्मी जमीन केवळ कापणीसाठी. मला तरी हा सौदा प्रामाणिक वाटतो.

पण त्यात एक मेख आहे. सांडपाणी दाट असेल तर झाडं त्यातला थोडाच हिस्सा उचलतात. शिवाय थंडीच्या तोंडावर ती पानांतलं अन्न मुळांकडे खेचून घेतात. सगळं पिवळं पडल्यावर कापलं, तर हाती येतो बहुतेक नुसता पेंढा. हिरवं असताना, वाढ जोरात असताना कापलं तर फॉस्फरस मिळतो. फक्त तेव्हा त्याच झाडोऱ्यात पाखरांची घरटी असतात.