पोलीस व फौजदारी पुरावा कायदा, १९८४

इंग्लंड व वेल्समध्ये झडती, अटक, कोठडी आणि चौकशी यांचे पोलिसांचे अधिकार व त्यांच्या मर्यादा एकत्र मांडणारा कायदा. संशोधनाच्या आधारे पोलीस सुधारणा घडवण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय. लंडनमध्ये १९७२ साली झालेल्या मॅक्सवेल कॉन्फेट खून खटल्यात तीन मुले मुख्यतः कबुलीजबाबांवरून दोषी ठरली. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. निरपराध माणूस गुन्हा का कबूल करतो, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९७८ मध्ये सर सिरिल फिलिप्स यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. फिलिप्स मूळचे ईस्ट इंडिया कंपनीचे अभ्यासक. पुराव्याबाबत इतिहासकाराचा काटेकोरपणा येथे उपयोगी पडला असावा. आयोगाने केवळ निवेदनांवर न विसंबता स्वतंत्र अभ्यास करवून घेतले. मानसशास्त्रज्ञ बॅरी अर्व्हिंग यांनी ब्रायटनच्या पोलीस ठाण्यात चौकशा प्रत्यक्ष पाहिल्या. पुष्कळ संशयितांची मनःस्थिती नाजूक असते आणि कोठडीचा एकांतच त्यांच्यावर दडपण आणतो, असे त्यांना आढळले.

आयोगाचा अहवाल १९८१ मध्ये आला; कायदा जानेवारी १९८६ पासून पूर्णपणे अंमलात आला. तपासाशी संबंध नसलेला कोठडी अधिकारी, वकिलाचा सल्ला, कोठडीची लेखी नोंद आणि अल्पवयीनांसोबत जबाबदार प्रौढ व्यक्ती या तरतुदी त्यात आल्या. दडपशाहीने मिळवलेली कबुली पुराव्यातून वगळण्यात आली. मात्र पोलिसांचे काही अधिकारही वाढले. वकील न मागण्याकडे संशयितांना वळवले जाते, हे नंतरच्या अभ्यासांनी उघड केले आणि या कायद्याखालील पोलिसांसाठीच्या आचारसंहितांमध्ये दुरुस्त्या होत राहिल्या.