कंपवाताच्या निदानाचा इतिहास आणि ग्रामीण संदर्भ : जाम (जि. वर्धा)

प्रस्तावना :
नागपूर-हैदराबाद महामार्गावरील जाम हे समुद्रपूर तालुक्यातील गाव होय. जिल्ह्यातच सेवाग्राम येथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि हात कापणे, चाल मंदावणे ही केवळ वार्धक्याची खूण मानली गेल्यास रुग्ण तेथवर पोहोचतच नाही. म्हणून कंपवात ओळखण्यासाठी नेमके काय लागते, हे इतिहासाच्या आधारे पाहणे अगत्याचे ठरते.

निदानाची वाटचाल :
माधवनिदानात सर्वांगाच्या व मस्तकाच्या कंपास ‘वेपथु’ म्हटले आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांचे वर्णन केले. त्यांपैकी काहींना त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. पुढे पॅरिसच्या शार्को यांनी या रोगास पार्किन्सन यांचे नाव दिले आणि कंप नसतानाही तो असू शकतो, हे दाखविले. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसारही हालचालींतील मंदता अनिवार्य असून, तिच्या जोडीला विश्रांत अवस्थेतील कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा असावा लागतो. मनोविकार व उलटी यांवरील काही औषधांनीही अशीच लक्षणे उद्भवतात. म्हणून रुग्ण घेत असलेल्या औषधांची चौकशी आवश्यक असते. मेंदूचे छायाचित्रण प्रामुख्याने इतर विकार वगळण्यासाठी केले जाते.

उपचाराची वाटचाल :
मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये खाजकुइलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे केले; परंतु कंपवाताशी त्याचा संबंध तेव्हा अज्ञात होता. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची उणीव आढळली आणि १९६७ मध्ये कॉट्झियस यांनी डोपाची मात्रा क्रमाक्रमाने वाढवून गुण मिळविला. मुंबईतील संशोधकांनी १९७८ मध्ये खाजकुइलीच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण मात्र कमी-अधिक असते. त्यामुळे ही वनस्पती परिचयाची असली तरी ती मनाने घेणे धोक्याचे ठरते. आज कार्बिडोपायुक्त लेव्होडोपा हे प्रमुख औषध आहे. त्याने लक्षणे आटोक्यात येतात, रोग समूळ जात नाही. नियमित व्यायाम हितावह असून औषध एकाएकी बंद करणे घातक ठरू शकते.

निष्कर्ष :
दोन शतकांत औषधे बदलली, परंतु निदानाचा पाया आजही निरीक्षण हाच आहे. यंत्रसामग्रीचा अभाव ही जामसारख्या गावातील मुख्य अडचण नव्हे. प्राथमिक स्तरावरील डॉक्टर, आशा कार्यकर्त्या व कुटुंबीय यांनी कंपाइतकीच मंदतेची दखल घेतल्यास रुग्णाची उपचाराविना जाणारी वर्षे वाचू शकतील.