परग्रहांवरील संभाव्य परिसंस्था व लोणार सरोवर

परग्रहांवरील संभाव्य परिसंस्था : पृथ्वीखेरीज अन्य ग्रहांवर सजीव व त्यांचे पर्यावरण यांची टिकून राहू शकेल अशी परस्परावलंबी व्यवस्था. तिचे प्रत्यक्ष उदाहरण अद्याप निश्चितपणे आढळलेले नाही. त्यामुळे पृथ्वीवरील तत्सम ठिकाणांच्या अभ्यासास महत्त्व आले आहे. महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे त्यांपैकी एक होय.

दख्खनच्या बेसाल्ट खडकातील हा खळगा सु. १·८ किमी. व्यासाचा व सु. १५० मी. खोल आहे. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ तो ज्वालामुखीजन्य समजला जाई. १९७३ मध्ये के. फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खडकांत तीव्र आघाताने बनणारी मॅस्केलिनाइट ही काच दाखवून दिली आणि खळगा अशनिपाताने झाल्याचे सिद्ध केले. मंगळाचे कवचही मुख्यत्वे बेसाल्टाचे असून त्यावर असंख्य आघातविवरे आहेत. लोणारचे तौलनिक महत्त्व यातच आहे.

सरोवरातून पाणी बाहेर वाहत नाही. बाष्पीभवनामुळे सोडियमाची लवणे साचून पाण्याचे पीएच मूल्य १० च्या आसपास पोहोचले आहे. अशा पाण्यात मासे जगत नाहीत. परंतु नील-हरित शैवले प्रकाशसंश्लेषणाने विपुल जैव द्रव्य निर्माण करतात. त्यांच्या अवशेषांवर अन्य सूक्ष्मजीव पोसले जातात. तळाच्या ऑक्सिजनरहित गाळात मिथेन निर्माण करणारे आर्किया आढळतात. जून २०२० मध्ये पाण्याची पातळी घटून लवणता वाढली, तेव्हा लवणप्रिय आर्कियांमुळे सरोवर गुलाबी दिसू लागले. परिस्थिती पालटताच परिसंस्थेतील प्रमुख घटकही कसे पालटतात, हे यावरून दिसते.

मंगळावर १९७६ मध्ये उतरलेल्या व्हायकिंग यानांना जीवसृष्टीचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्सिव्हिरन्स हे यान जेझेरो विवरात उतरले. या विवरात अब्जावधी वर्षांपूर्वी सरोवर होते. तथापि लोणारच्या साम्यावरून काढावयाच्या निष्कर्षास मर्यादा आहे. लोणारमधील सूक्ष्मजीवांचे पूर्वज सभोवतालच्या समृद्ध जीवसृष्टीतून तेथे आले. म्हणून हे सरोवर जीव कोठे टिकू शकतो हे सांगते. तो कसा उद्‌भवतो, हे सांगत नाही.

२००० मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२० मध्ये सरोवराचा रामसर सूचीत समावेश झाला. गोड्या पाण्याचा किंवा सांडपाण्याचा ओघ वाढल्यास पाण्याची लवणता व क्षारता घटते आणि ज्या जीवांमुळे हे सरोवर अभ्यासनीय ठरते तेच नाहीसे होण्याचा संभव असतो. लोणारचे रक्षण म्हणजे परग्रहांच्या अभ्यासासाठी उपलब्ध असलेल्या एका दुर्मिळ नमुन्याचे रक्षण होय.