मालक कोण?



माझा भाचा कारंजाहून पुण्याला गेला. मोबाईलवर ऑर्डर आली की घरोघरी जेवण पोचवतो. गाडी त्याची, पेट्रोलही त्याचंच. दिवाळीत आला तेव्हा मी विचारलं, "मालक कोण रे तुझा?" म्हणाला, "मावशी, मालक नाही, ॲप आहे." मग गाडीवरून पडला तर दवाखाना कोण करणार? यावर तो गप्प झाला.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या घाऊक बाजारात हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचं पोतं उचलायचा, दुपारी दुसऱ्याचं. कुणीच त्याला आपला नोकर म्हणत नसे. अण्णासाहेब पाटलांनी या माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद मंडळाकडे होऊ लागली. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार. मालक दहा असले तरी हक्क देता येतो, हे तेव्हाच सिद्ध झालं.

दुसरी गोष्ट तुमच्या आजीला ठाऊक असेल. १९७२ च्या दुष्काळात बायांनी रस्त्यावर गिट्टी फोडली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मजुरानं काम मागायचं, सरकारनं १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. बाई-पुरुषाला दर एकच. तिथं मागणी मजुराची होती. ॲपवर मागणी गिऱ्हाइकाची असते, पोरगा नुसता वाट पाहतो. शहरात घरोघरी जाऊन पार्लरचं काम करणाऱ्या पोरींचंही तसंच.

आता कायदा हळूहळू जागा होतोय. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांचा उल्लेख आला, कंपन्यांनी त्यांच्यासाठी निधीत वाटा द्यायची तरतूद झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यांना ओळखपत्र आणि आयुष्मान भारतचा लाभ द्यायचं जाहीर झालं. त्यासाठी ई-श्रम पोर्टलवर नोंद लागते.

हमालाला हक्क मिळाला तो आधी एकजूट झाली, मग नाव नोंदलं गेलं म्हणून. तेव्हा पुण्या-मुंबईच्या लेकराचा फोन आला की "जेवलास का?" याच्यासोबत हेही विचारा, "बाबा, नोंद केलीस का?"