केक कोणाचा, तारीख कोणाची? एका चित्रपुस्तकाचं साधन म्हणून वाचन

लहान मुलांची चित्रपुस्तकं इतिहासाच्या संशोधनात साधन म्हणून वापरता येतात का? रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्यांना हा प्रश्न हमखास पडतो. वापरता येतात, पण कशाचं साधन म्हणून, हे आधी ठरवावं लागतं. नुसतं तत्त्व सांगून हे डोक्यात बसत नाही, म्हणून आज एकच पुस्तक घेऊ.

वाढदिवसाच्या चित्रपुस्तकांचा साचा तुम्हाला माहीत आहे. सकाळपासून घरात गडबड, ऐनवेळी एखादी अडचण, मग कोणाला तरी सुचलेली युक्ती, शेवटी केक आणि हसणारे चेहरे. या साच्यात शेवट गोडच व्हावा लागतो. आता हाच साचा एखाद्या खऱ्या ऐतिहासिक दिवसावर बसवला तर?

जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेत स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेनं 'अ बर्थडे केक फॉर जॉर्ज वॉशिंग्टन' हे पुस्तक काढलं. लेखिका रामिन गणेशराम (वडील त्रिनिदादचे, आई इराणी), चित्रकार व्हेनेसा ब्रँटली-न्यूटन. गोष्ट अशी: राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचा वाढदिवस आहे, केक करायचाय, पण स्वयंपाकघरातली साखर संपलीय. मुख्य आचारी हर्क्युलीस आणि त्याची छोटी मुलगी डिलिया मध वापरून वेळ निभावतात. गोष्ट डिलियाच सांगते. केक उत्तम होतो, सगळे खूश.

हर्क्युलीस ही काल्पनिक व्यक्ती नाही. तो वॉशिंग्टनचा आचारी होता आणि वॉशिंग्टनचा गुलामही होता.

पुस्तक ५ जानेवारीला आलं आणि १७ जानेवारीला प्रकाशकानं ते बाजारातून मागे घेतलं. अवघ्या बारा दिवसांत! गुलामांना असं हसरं दाखवणं म्हणजे गुलामगिरीवर साखर पेरणं आहे, अशी टीका झाली. एवढ्या लहान मुलांच्या पुस्तकात गुलामगिरीच्या क्रौर्याची पुरेशी पार्श्वभूमी देता येत नाही आणि त्यामुळे चुकीचा समज होऊ शकतो, अशा अर्थाचा खुलासा प्रकाशकानं केला. दुसरीकडे, पुस्तक मागे घेणं हीच सेन्सॉरशिप आहे, असंही लेखकांच्या आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संस्थांनी बजावलं. बहुतेक चर्चा 'पुस्तक चांगलं की वाईट' इथेच अडकली. आपण मात्र कागदपत्रांकडे जाऊ.

अमेरिकेची राजधानी तेव्हा फिलाडेल्फियात होती. पेनसिल्व्हेनिया राज्यात १७८० चा कायदा होता. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम तिथं सलग सहा महिने राहिला, तर त्याला स्वातंत्र्य मागता यायचं. म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर पाठवायचे आणि पुन्हा आणायचे. हे बाहेर कळू नये याची काळजी घ्यायला त्यांनी आपल्या सचिवाला सांगितलं, ते पत्र १७९१ चं आहे. १७९६ च्या मे महिन्यात ओना जज ही त्यांच्या घरातली गुलाम तरुणी फिलाडेल्फियातून निसटली. त्या वर्षाच्या अखेरीस हर्क्युलीस व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्ननच्या मळ्यावर होता. राष्ट्राध्यक्षांचा आचारी आता विटांची माती खणत होता, खत पसरत होता.

आणि मग तो पळाला. कधी? बरीच वर्षं असं मानलं जायचं की वॉशिंग्टन निवृत्त होऊन निघाले तेव्हा, म्हणजे मार्च १७९७ मध्ये, तो फिलाडेल्फियातून नाहीसा झाला. माउंट व्हर्ननच्या इतिहासकार मेरी थॉम्पसन यांनी मळ्याचे आठवड्याचे अहवाल तपासले आणि हे चित्र बदललं. हे अहवाल म्हणजे आपल्याकडच्या रोजकीर्दीसारखा रुक्ष मामला: कोणी किती दिवस कुठलं काम केलं, एवढंच. २५ फेब्रुवारी १७९७ च्या अहवालात हर्क्युलीसच्या नावापुढे नोंद आहे, चार दिवस फरार. दिवस मोजा. २२ फेब्रुवारी येते. त्या दिवशी वॉशिंग्टन पासष्ट वर्षांचे झाले.

म्हणजे पुस्तकातली तारीख आणि पळण्याची तारीख एकच, वर्षं वेगळी. मला वाटतं, पुस्तकाचा खरा प्रश्न केवळ हसऱ्या चेहऱ्यांचा नाही. प्रश्न गोष्ट कुठे थांबवली, हा आहे. केकपाशी थांबली तर ती वॉशिंग्टनच्या वाढदिवसाची गोष्ट होते. तीच गोष्ट पुढच्या एखाद्या २२ फेब्रुवारीपर्यंत नेली तर ती हर्क्युलीसच्या स्वातंत्र्याची होते. गोष्ट कुठे संपवायची हा लेखनाचा निर्णय वाटतो, पण तो इतिहासाबद्दलचं एक विधानही असतो. हे मुलांच्या पुस्तकांइतकंच तुमच्या प्रबंधालाही लागू आहे.

गंमत म्हणजे पळून जाण्याची हकिकत पुस्तकात आहेच. ती लेखिकेच्या टिपेत आहे, गोष्ट संपल्यानंतर. आता वाचणारा कोण, ते डोळ्यांसमोर आणा. पाच-सहा वर्षांचं मूल चित्रं बघतं, मोठ्यांकडून गोष्ट ऐकतं. शेवटची बारीक अक्षरातली टीप ते कशाला वाचेल? म्हणजे एकाच पुस्तकात तीन आवाज आहेत: मजकूर, चित्रं आणि टीप. तिघांचे वाचक वेगळे, आणि तिघांचं म्हणणं एकच असेल असं नाही. चित्रांतला अतिउत्साह आपल्यालाही खटकला होता, असं लेखिकेनं नंतर जाहीरपणे लिहिलं. चित्रकार आणि संपादकांच्या मते ते हसू आपल्या कामाच्या अभिमानाचं होतं. त्यामुळे 'पुस्तक असं म्हणतं' हे वाक्य टाचणात लिहिण्याआधी तिघांपैकी कोण म्हणतंय, ते लिहा.

आता त्या मुलीकडे येऊ. पुस्तकात डिलिया वडिलांसोबत फिलाडेल्फियाच्या स्वयंपाकघरात आहे. खरं तर तिथं हर्क्युलीसबरोबर त्याचा मुलगा रिचमंड होता. मुली माउंट व्हर्ननलाच राहिल्या. पण मुलीचा आवाज कागदपत्रांत एकदा ऐकू येतो. १७९७ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सचा भावी राजा लुई-फिलिप माउंट व्हर्ननला पाहुणा होता. त्याच्या नोकरानं हर्क्युलीसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारलं, वडील आता कधीच दिसणार नाहीत, तुला वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, मला फार आनंद झालाय, कारण ते आता स्वतंत्र आहेत. लुई-फिलिपनं हे दैनंदिनीत लिहून ठेवलं, मुलीचं नाव मात्र लिहिलं नाही.

हे उत्तर लहान मुलांना कळणार नाही, असं कोण म्हणेल? सहा वर्षांच्या मुलीनंच ते दिलंय. 'या वयाला हा विषय झेपत नाही' हा युक्तिवाद मला म्हणूनच अपुरा वाटतो.

वाढदिवस ही गोष्टसुद्धा एक कागदपत्र आहे, हेही लक्षात घ्या. वॉशिंग्टनचा जन्म जुन्या कालगणनेनुसार ११ फेब्रुवारीचा. कॅलेंडर बदललं तेव्हा तो २२ फेब्रुवारी झाला. त्यांच्या जन्मतारखेचा इतका काटेकोर हिशेब आहे. त्याच देशात गुलामगिरीत जन्मलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात लिहिलं की आपल्याला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही. वाढदिवस असणं हासुद्धा सत्तेचा भाग होता.

पुस्तक मागे घेतलं म्हणून संशोधन थांबलं नाही. माद्रिदच्या एका संग्रहालयातलं आचाऱ्याचं चित्र वर्षानुवर्षं हर्क्युलीसचं म्हणून छापलं जायचं. तज्ज्ञांनी तपासलं तर डोक्यावर आचाऱ्याची टोपीच नव्हती. चित्र हर्क्युलीसचं नाही, असा निष्कर्ष २०१९ मध्ये पुढे आला. त्याच वर्षी गणेशराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना न्यूयॉर्कच्या नोंदींत हर्क्युलीस पोझी नावाचा माणूस सापडला: जन्म व्हर्जिनियातला, मृत्यू १५ मे १८१२. तो हाच, असं आता अभ्यासक मानतात. पोझी हे त्याच्या आधीच्या मालकाचं आडनाव. ज्या लेखिकेचं पुस्तक बारा दिवसांत परत गेलं, तिनंच हर्क्युलीसचा पुढचा माग काढला.

वॉशिंग्टनच्या मृत्युपत्रामुळे त्यांच्या मालकीचे गुलाम १ जानेवारी १८०१ ला मुक्त झाले, हर्क्युलीसही कायद्यानं मुक्त झाला. पण मुलं सुटली नाहीत. गुलामी आईकडून यायची, आणि त्यांची आई मार्था वॉशिंग्टनच्या आधीच्या पतीच्या मालमत्तेत मोजली जायची. म्हणजे वडिलांसाठी आनंदी झालेली ती मुलगी स्वतः गुलामच राहिली.

तेव्हा तुमच्या विषयात एखादं चित्रपुस्तक आलं, तर हे पुस्तक १७९० च्या दशकाचं साधन नाही, २०१६ चं आहे, हे पहिल्या ओळीत लिहा. मग तीन प्रश्न विचारा. गोष्ट कुठे थांबते? थांबल्यानंतरचं कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय? आणि ज्याच्या तोंडी गोष्ट घातलीय, त्याचा स्वतःचा शब्द कुठे नोंदलेला आहे का? तिसऱ्या प्रश्नासाठी दफ्तरात जावंच लागेल. रुक्ष दिसणारे आठवड्याचे अहवालही उघडा. 'चार दिवस फरार' एवढीच नोंद असली, तरी चार दिवस मागे मोजायला विसरू नका.