छापील ‘तो’ आणि शाईतली ‘ती’

१९४३ साली मद्रास विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीची पदवी ए. ललिता यांना मिळाली, तेव्हा पदवीपत्राच्या इंग्रजी मजकुरात पुल्लिंगी सर्वनाम छापलेले होते. ते खोडून हाताने स्त्रीलिंगी लिहावे लागले. भारतातील पहिल्या स्त्री अभियंत्यांचा इतिहास वाचताना मला ही खाडाखोड फार बोलकी वाटते.

ललिता यांचा जन्म १९१९चा. पंधराव्या वर्षी लग्न झाले, अठराव्या वर्षी वैधव्य आले. पदरात चार महिन्यांची मुलगी होती. वैद्यकी शिकावी, तर डॉक्टरला अपरात्रीही बोलावणे येते. तान्ह्या मुलीला टाकून जाणे नको, म्हणून त्यांनी अभियांत्रिकी निवडली. वडील पप्पू सुब्बाराव गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी शब्द टाकला, प्राचार्य के. सी. चाको यांनी तो मानला आणि दार उघडले.

पण उघडलेल्या दारातून एकटीनेच आत जायचे होते. वसतिगृहातला तो एकटेपणा लवकरच सरला. लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. त्रेसिया या दोघी स्थापत्य शाखेत आल्या. पुढे त्रेसिया केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. ललिता यांनी कलकत्त्याच्या कंपनीत वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांचे आराखडे केले. भाक्रा-नांगलच्या कामातही त्यांचा वाटा होता. १९६४ साली न्यूयॉर्कला भरलेल्या स्त्री अभियंत्या व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या गेल्या.

या कथेत जिद्द आहेच. पण ललिता यांना वडील त्याच महाविद्यालयात लाभले होते, आणि मुलीला सांभाळणारे घरही. ज्या विधवेला असे कोणी नव्हते, तिचे काय? आपल्याकडे १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी हाच प्रश्न हाती घेतला. एकेका घराच्या उदारपणावर विसंबून न राहता त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, आणि पुढे हिंगण्याला शाळा उभी राहिली. त्यांच्याच संस्थेने १९९१ साली पुण्यात मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. आश्रमापासून तिथवर पोचायला ९५ वर्षे लागली.

मुलींना अभियांत्रिकीकडे वळवण्यासाठी आपण आज पहिल्या स्त्रियांच्या गोष्टी सांगतो. त्या सांगाव्यातच. पण गोष्ट ऐकून निघालेल्या मुलीला वसतिगृह, सोबतीण आणि तिच्यासाठी छापलेला अर्ज मिळाला पाहिजे. नाहीतर प्रत्येक पिढीत कोणीतरी नव्याने पहिलीच ठरेल, आणि आपण पुन्हा तिचे कौतुक करून मोकळे होऊ.