लेव्होडोपा आणि पार्किन्सन्समधील पायदुखी
गोळीचा असर उतरू लागला की पाय दुखतात, असे पार्किन्सन्सचे अनेक रुग्ण सांगतात. हा मनाचा खेळ नव्हे. काटा टोचताच पाय झटकन मागे येतो, ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता मज्जारज्जूतच घडते. मेंदूतून खाली येणारे डोपामिनचे तंतू तिला आवर घालतात. पार्किन्सन्समध्ये हा आवर सैल पडतो, असे मानले जाते. त्यामुळे थोड्याशा टोचण्यानेही पाय आखडतो. लेव्होडोपाचे शरीरात डोपामिन बनते आणि गोळी लागू पडल्यावर ही क्रिया इतक्या सहज सुरू होत नाही. मात्र लेव्होडोपा ही वेदनाशामक गोळी नव्हे. झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे तिने थांबणार नाही. दुखण्याची आणि गोळीची वेळ आठवडाभर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. डोस स्वतःहून वाढवू नका.